अकरा नंबरची जर्सी

पडदा सरकला आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेली निळी जर्सी दिसली. पाठीवर अकरा आकडा. वर नाव, ईप्सिता.

"आजपासून आपल्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघात अकरा नंबर कोणीही घालणार नाही," ट्रेनर हाइके माइकवर म्हणाली. "तो कायमचा ईप्सिताचा."

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. कुबड्यांवर तोल सावरत ईप्सिता लाजून हसत होती. नाशिकहून पीएच.डी.साठी श्टुटगार्टला आली आणि चार वर्षांत त्रेसष्ट गोल करून बसली. तरी हे अतीच झालं, असं तिला वाटलं. संघात असा मान आजवर दोघींनाच मिळाला होता, आणि तोही त्यांनी खेळणं सोडल्यावर.

तिने माइक घेतला. "डांके, थँक्यू सगळ्यांना! पण हाइके, मार्चमध्ये मी मैदानात उतरेन तेव्हा काय घालू? बारा नंबर?"

कोणी हसलं नाही.

पहिल्या रांगेतल्या गोलकीपरने मान खाली घातली. मागे कुणीतरी एकदोन टाळ्या वाजवल्या आणि गप्प झालं. हाइकेचा चेहरा पांढराफटक पडला होता. ईप्सिताच्या हातातला माइक बाजूला करून ती हळूच म्हणाली, "गुडघ्याचं तुला माहीत आहे ना? ओजस म्हणाला होता, डॉक्टर तुमच्याशी बोललेत."

"काय बोललेत?"

हाइकेने नुसतं ओजसकडे पाहिलं. ईप्सिताचा नवरा शहराच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या ऑफिसातून थेट आला होता, गळ्यातलं ओळखपत्रही काढायचं राहिलं होतं. तो खुर्चीतून उठलाच नाही.

ईप्सिताने माइक हाइकेच्या हातात दिला. कशीबशी ती हॉलबाहेर आली. ओजस मागोमाग आला.

"बोल."

"चालशील. सायकल चालवशील," तो म्हणाला. "खेळता मात्र येणार नाही. कधीच."

ती भिंतीला टेकली. तीन आठवडे हा माणूस तिच्या गुडघ्यावर बर्फ ठेवत होता. हॉस्पिटलची पत्रं तोच उघडायचा, तोच फाइलला लावायचा. रोज ती मार्चचं बोलायची आणि तो हो ला हो करायचा. ऑपरेशनच्या दिवसाचं तिला स्वतःला काही आठवत नव्हतं. सकाळी दिलेलं गुंगीचं इंजेक्शन, आणि त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशीचा नाश्ता.

"हाइकेला माहीत. पोरींना माहीत. अख्ख्या हॉलला माहीत!" तिचा आवाज चिरकला. "आणि माझा गुडघा आहे, ओजस. डॉक्टर बोलले त्याच संध्याकाळी मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"ऑपरेशनच्याच संध्याकाळी. गुंगीत होतीस, पण सगळं कळलं होतं तुला. माझा हात धरून दोन तास रडलीस. सकाळी उठलीस आणि हसून विचारलंस, 'छान झालं ना रे ऑपरेशन?'" ओजसने तिची घसरलेली कुबडी सावरली. "ईपू, तेच तुला दुसऱ्यांदा सांगणं माझ्याच्यानं झालं नाही."