डावीकडून तिसरा

सुट्टीच्या दिवशी दुपारचा शो, कडेची खुर्ची, चपला काढून वर घेतलेले पाय आणि खिशात लपवून आणलेले शेंगदाणे, एवढीच माझ्या जिवाची चैन. त्यात दिग्दर्शक लाडका. त्याच्या सिनेमाचं तिकीट मी डोळे झाकून काढतो. पण या वेळी गड्याने पार माती खाल्ली होती. सिनेमा झॉम्बींचा, आणि भीतीचा पत्ता नाही. मध्यंतरानंतर थिएटरात मी आणि शेजारच्या खुर्चीतल्या एक वयस्कर बाई, एवढेच उरलो.

"उठा मावशी, घरी जाऊ," चपला शोधत मी म्हणालो. "यात काही राम नाही. मढी नुसती चालतायत."

"तेवढंच बघायला रोज येते मी," त्या म्हणाल्या. "थांबा ना जरा, आता माझा मुलगा येईल."

पडद्यावर मढ्यांची झुंड आली. "तो बघा, डावीकडून तिसरा. निळ्या शर्टातला." तो थोडा लंगडला, वळला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

मी ओशाळलो. आईसमोरच पोराच्या कामाला नावं ठेवून बसलो होतो.

"मेकअप मात्र झकास जमलाय हं," मी सावरून घेतलं. "अगदी खराखुरा मेलेला वाटतो."

पडद्यावरची नजर न काढता त्यांनी मान हलवली.

"छे हो. गेला तेव्हा असा नव्हता दिसत. नुसता झोपल्यासारखा वाटत होता."