गालावरचा चरा

सराफाने धाकटीचं नाणं खोटं ठरवताच ती थोरलीकडे बोट दाखवत कडाडली, "म्हणजे खरं हिनेच लाटलंय. विचारा हिला."

आईची चांदीची दोन नाणी दादाने दोघी बहिणींना एकेक वाटली होती. तेव्हापासून, सहा महिने, आपल्या वाट्याला हलकं नाणं आल्याच्या संशयाने धाकटीने थोरलीशी अबोला धरला होता.

"एका आईच्या लेकी, नाण्यांवरून कसल्या भांडता?" दादा म्हणाला.

सराफाने थोरलीचं नाणं शेजारी ठेवून भिंग धरलं. "दोन्हीकडे राणीच्या गालावर चरा आहे. जागा तीच, लांबी तीच. असा चरा एकाच साच्यातून येतो. खरी नाणी ठशाने छापतात; ही दोन्ही ओतीव आहेत, दोन्ही खोटी. वाटली कोणी?"

धाकटी वळली. दादा दाराशी चपला शोधत होता.

"ताई," ती म्हणाली, "दार लाव."