डेल्मारची दुर्बीण

"आधी यातनं बघ, मग त्या नव्या नळीचं कौतुक कर," असं म्हणत डेल्मारनं आपली दुर्बीण पोरीपुढं ठेवली.

ट्रूडी हसली. सिमेंटच्या टेबलाभोवती क्लबची सातआठ माणसं सूपचे वाडगे हातात घेऊन रेंगाळत होती. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत नेमबाजीचं वेडच असं, की कुणी बंदुकीला दुर्बीण निवडतंय म्हटलं की बघ्यांना बोलवावं लागत नाही. उद्या हजार यार्डांची अंतिम फेरी. डेल्मारच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्याच्या जागी पहिल्यांदाच ट्रूडी बसणार होती. कुठल्या दुर्बिणीनं, तेवढं ठरायचं होतं.

डेल्मारच्या मते ते ठरलेलंच होतं. या दुर्बिणीनं जिंकलेल्या लाकडी ढालींनी त्याच्या घराची अख्खी भिंत झाकली होती.

"तपासते हं आधी," ट्रूडी म्हणाली.

"तपास की! तुला शिकवलं कुणी तपासायला?"

तपासायची रीत साधी. क्लबकडं एक दुर्बीण होती, आतलं सगळं कायमचं चिकटवून टाकलेली. तिच्यातली नेम धरायची फुली हलणं शक्यच नाही, म्हणून सगळे तिला 'साक्षीदार' म्हणत. तिच्या शेजारी दुसरी दुर्बीण त्याच बंदुकीवर चढवायची, दोघींच्या फुल्या समोरच्या निशाणावरच्या एका ठिपक्यावर आणायच्या आणि गोळी झाडायची. मग साक्षीदाराची फुली परत ठिपक्यावर आणून दुसरीतनं बघायचं. तिचीही तिथंच असली तर ती भरवशाची. सरकली असली, तर तपासणाऱ्यानं मैदानभर ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. कारण इथं ऐन वेळी सगळेच एकमेकांच्या वस्तू उसन्या नेतात, अगदी प्रतिस्पर्ध्याच्यासुद्धा. आणि फुली इथं केसभर सरकली, की तिकडं हजार यार्डांवर गोळी चार बोटं चुकते.

नवी दुर्बीण पास झाली. सुतासारखी बारीक फुली आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढा बिंदू, जागचा हलला नाही.

"नव्याचे नऊ दिवस," डेल्मार म्हणाला. "चढव आता माझी."

ट्रूडीनं ती चढवली, गोळी झाडली, डोळा लावला. फुली ठिपक्याच्या डावीकडं गेली होती. तिनं पुन्हा जुळवलं, पुन्हा झाडली. पुन्हा तेच. पाठीमागं बापाचा आवाज चढला होता, त्या वादळी वर्षी बाकीचे सगळे कसे भरकटले आणि आपण एकटेच कसे टिकलो, ते तो रंगात येऊन सांगत होता.

"ठीक आहे तुझी," ती मान वर न करता म्हणाली. "पण बाबा, फुली जाड आहे रे. तिच्याआड निशाणच दिसत नाही मला. मी नवीच घेते."

डेल्मारचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "नाजूक झालीत आजकालची पोरं!"

विषय तिथंच मिटला असता. पण नॉर्बर्टनं वाडगा खाली ठेवला. हा डेल्मारचा जन्माचा प्रतिस्पर्धी, उद्या ट्रूडीच्याच फेरीत बसणारा. "मग मला दे रे उद्यापुरती. माझ्या दुर्बिणीच्या आत वाफ धरलीय."

"घ्या!" डेल्मारची छाती फुगली. "ज्याला जन्मभर हरवलं, तोच मागायला आला!" आणि मोठ्या खुशीत तो स्क्रू सैल करायला लागला.

ट्रूडी बघत राहिली. गप्प बसलं तर बापाचा मान राहत होता, वर नॉर्बर्टचा नेमही चुकणार होता. तेच तिला सहन होईना.

"दुर्बीण सरकतेय!" ती ओरडली.

"कुणाची?" पलीकडच्या टेबलावरनं रिवाजाप्रमाणं कुणीतरी विचारलं.

"माझ्या बाबांची."

सगळ्यांचे चमचे थांबले. डेल्मारनं स्क्रू पुन्हा आवळले आणि स्वतः फुल्या जुळवल्या. खांदा दुखत होता, तरी त्यानं कुणालाही हात लावू दिला नाही. गोळी झाडली, डोळा लावला. मग आणखी एक. बराच वेळ त्यानं डोळा काढलाच नाही. उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"मघाशी ठीक आहे म्हणालीस."

"खोटं बोलले."

"का?"

"तुझ्यासाठी."

"म्हणजे बापाशी खोटं, आणि या टोणग्याखातर खरं?"

"मला हरवायचंय या टोणग्याला, बाबा," ट्रूडीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. "मी हरवणार. तुझ्या बिघडलेल्या दुर्बिणीनं नाही."

डेल्मारनं बंदुकीवरच्या दुर्बिणीकडं पाहिलं, मग पोरीकडं. आणि तो असा खो खो हसला, की खांदा धरून त्याला खालीच बसावं लागलं.

"अरे देवा! आणि मी गेले दोन मोसम वाऱ्याला शिव्या घालतोय!"

डोळे पुसत तो उठला. ढाल घ्यायला जातानासुद्धा तो कधी इतका ताठ चालला नव्हता. टेबलाच्या पुढं येऊन त्यानं स्वतःच हाळी दिली, अगदी मैदानाच्या टोकाच्या झेंड्यापर्यंत जाईल अशी.

"ऐका रे! डेल्मारची दुर्बीण सरकते! आणि पकडली कुणी? डेल्मारच्या पोरीनं!"

मग तो नॉर्बर्टकडं वळला.

"तू दुसरीकडनं बघ दुर्बीण. आणि चांगलीच बघ लेका, उद्या हिच्याशी गाठ आहे."