पाय हलला नाही तर

“उंदराकडे बघावं तसं बघू नकोस माझ्याकडे,” बाबा म्हणाले.

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, हातात घडी केलेली चादर. दाराशी भरलेली बॅग. खाली गाडी कधीचीच येऊन थांबली होती. बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा काल टोमॅटोसारखा लाल होता. आज सूज जरा उतरल्यासारखी दिसत होती. दिसत होती, एवढंच.

युरिक ॲसिड! रक्तात वाढतं, सांध्यात खडे धरतं आणि भल्याभल्यांना बोंब मारायला लावतं. बाजारातल्या गोळीने बाबांच्या अंगभर पुरळ उठलं, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली. तिच्या प्रयोगशाळेत मात्र ते ॲसिड तयार करणाऱ्या एन्झाइमलाच वेसण घालणारी पांढरी पूड होती. बाटलीवर छापलेलं होतं, ‘फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’. उंदरांना ती लागू पडली. पुढचं काम दूरच्या शहरात, मोठ्या प्रयोगशाळेत. तिला दोन वर्षांसाठी बोलावणं आलं होतं.

“माणसांपर्यंत कधी येणार तुझी पूड?”

“आठ-दहा वर्षं तरी लागतील.”

“मग अंगठ्याला तसं कळव.”

एरवी ती हसली असती. पण ती थकली होती. कितीतरी वर्षं तिचं काम एकच. उंदराच्या सुजलेल्या पायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवायचा आणि बघत राहायचं. पाय मागे घेतला तर लिहायचं, दुखतंय. नाही घेतला तर, दुखत नाही. झालं, की पुढचा उंदीर. उंदीर ढोंग करत नाहीत, म्हणून हे काम चालतं.

“खरं सांगा बाबा. दुखत असेल तर मी नाही जात.”

“दुखत नाही म्हटलं ना! आणि मावशी आहे की इथे. टाक ती चादर अंगठ्यावर, बघ हवं तर.”

परवा पंख्याचा वारा लागला तरी ते कळवळत होते. तिने चादर उलगडली आणि अलगद अंगठ्यावर सोडली.

पाय हलला नाही.

बाबा हसत होते. पण कपाळावर घाम डवरला होता आणि पलंगाची कड धरलेल्या मुठीची बोटं पांढरीफटक पडली होती. ते तिला दिसलं. तिला दिसलं, हे त्यांनाही कळलं.

खाली हॉर्न वाजला.

“काय लिहिशील मग?” त्यांनी दातांवर दात ठेवून विचारलं.

तिने अंगठ्यावरची चादर हळूच काढून घेतली.

“दुखत नाही,” ती म्हणाली, आणि बॅग उचलली.