चुरगळलेले पंख

"माझं गणिती मॉडेल चुकत नसतं बाई, माणसं चुकतात!" खानोलकर सरांनी फळमाश्यांची बाटली हेमांगीच्या टेबलावर आदळली. "जनुक बिघडून पंख चुरगळलेली माशी टिकत नाही. दर पिढीत ती कमीच व्हायला हवी. तुझ्या बाटलीत मात्र तिचंच राज्य! कुठल्या माश्या कुठे मिसळल्यास?"

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माश्यांपायी तिने वर्षभर रविवारसुद्धा पाहिला नव्हता. "मी काहीही मिसळलेलं नाही, सर."

"मग काय जादू झाली? माश्या जुन्या बाटलीतून नव्या खाद्यावर कशा टाकायच्या, ते आज मीच दाखवतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना येतं हे!"

सरांनी तावातावाने कापसाचा बोळा उपटला, जुनी बाटली नवीवर उपडी केली आणि बुडावर थापट्या मारल्या. धड पंखांच्या कितीतरी माश्या फटीतून भर्रकन उडाल्या आणि त्यांच्या चष्म्यावर, भुवयांवर जाऊन बसल्या. ज्यांना उडता येत नव्हतं, त्या मुकाट नव्या बाटलीत पडल्या.

हेमांगी बघतच राहिली. तीही दर वेळी अस्संच करत आली होती. सरांनीच तर शिकवलं होतं.

"झालं की नाही नीट?" तोंडावरच्या माश्या हाकलत सर गुरगुरले.

"झालं ना," ती दातओठ खात म्हणाली. "उडणाऱ्यांना दर पिढीत आपणच असं हाकलतोय, सर. तुमच्या मॉडेलमध्ये हा हात कुठे हिशेबात धरलाय?"