सामाईक भिंत आणि राऊटर
भिंतीच्या दोन्ही बाजूंना तोच जुना, अवघडलेला अबोला होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, मेहकरच्या कोर्टात दावा लागल्यापासून हिंमतराव आणि शेजारचे चुलतभाऊ पुंजाजी एकमेकांशी बोलत नव्हते. आज मात्र हिंमतरावांच्या राऊटरचा लाल दिवा काही केल्या हिरवा होईना, आणि तो अबोला पलीकडून अचानक खाकरला.

“हिंमत, पिन काढून पुन्हा लाव.”

हिंमतरावांनी नकळत तसंच केलं. दिवा हिरवा झाला.

“लागलं!” पुंजाजी आनंदून ओरडले. “मॅच सुरू झाली.”

“मायं वायफाय? पासवर्ड कोनं सांगतला बे तुले?”

“सांगाले कोन लागते? आपल्या केसचा नंबर टाकला. तुया डोक्यात दुसरं हाये काय?”