अर्ध्यांना काढा

रोह्याजवळच्या वाडीत बायजा हगवणीवर कुड्याच्या सालीचा काढा देई. तो तपासायला डॉक्टर खांबेटे आले. अर्ध्या रोग्यांना काढा, अर्ध्यांना त्याच रंगाचं पाणी. दोन्हींत फरक दिसला नाही तर काढा कायमचा बंद, असं त्यांनी बजावलं.

बायजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मानसाचं आधीच पानी पानी झालंय, त्याला वर पानीच पाजू व्हय? तुझ्या बापाला पाजशील?"

डॉक्टर जेवायला गेले, तशी तिने पाण्याच्या सगळ्या बाटल्या उकिरड्यावर ओतल्या आणि त्यांत काठोकाठ काढा भरून ठेवला.

आठवड्याने डॉक्टर तिच्या दारात येऊन कडाडले, "नुसतं पाणी प्यायलेलेही तेवढेच बरे झाले, बाई! लोकांना फसवायचा धंदा आजपासून बंद!"